घोडा, गिअरबॉक्स आणि मौन

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात एक घोडा आहे. बँकेच्या परीक्षांना बसलेल्या माझ्या पिढीतल्या अनेकांनी तो पाठ केलेला असेल. 'अ' हा 'ब'ला लिलावात घोडा विकतो. घोडा निकोप नाही हे 'अ'ला ठाऊक असतं, पण तो काही बोलत नाही. ही फसवणूक आहे का? कायदा म्हणतो, नाही. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. पुढच्या उदाहरणात 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असते. तिथं मात्र बापानं बोलायलाच हवं. तिसरं उदाहरण माझं आवडतं. 'ब' म्हणतो, तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा निकोप आहे असं मी धरून चालेन. 'अ' गप्प बसतो. इथं मात्र ते गप्प बसणं बोलण्याच्याच बरोबरीचं ठरतं.

आता घोड्याच्या जागी गाडी आली आणि तिच्या पोटात गिअरबॉक्स आला. जुनी गाडी बघायला गेलेला माणूस रंग बघतो, टायर बघतो, एसी लावून बघतो, सीटवरून हात फिरवतो. गिअरबॉक्स असा बघता येत नाही. तो ऐकावा लागतो, आणि तो कान सगळ्यांना नसतो.

वाहनकर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. जुन्या गाडीसाठी कर्ज मागणाऱ्याची पगारपत्रकं, जामीनदार, गाडीवरचा आधीचा बोजा उतरल्याचा पस्तीस नंबरचा फॉर्म, मालकी बदलाचे एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म, सगळं आम्ही डोळ्यांत तेल घालून तपासायचो. मूल्यांकनाच्या अहवालात गिअरबॉक्ससमोर 'समाधानकारक' एवढा एकच शब्द असायचा. इतक्या वर्षांत दुसरा शब्द माझ्या पाहण्यात आला नाही. विमा कंपनीचंही तसंच: अपघातानं फुटलं तर भरपाई, आपोआप बिघडलं तर ज्याचं त्यानं बघावं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. नियम चांगला आहे, पण त्याचाही सारा रोख कागदांवर. गाडीच्या पोटात काय चाललंय, ते घेणाऱ्यानंच विचारायचं.

पद्मिनी आणि अॅम्बॅसॅडरच्या काळात हा कान थोडाफार सगळ्यांकडे होता, कारण त्या गाड्या आपलं दुखणं मोठ्यानं सांगत. साध्या गिअरच्या गाडीला आजही काही युक्त्या लागू पडतात. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर बहुधा गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग झिजलंय. दुसरा गिअर टाकताना कर्रर्र आवाज आला, तर आतल्या पितळी कड्या गेल्यात. हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून, क्लच हळूहळू सोडला तर इंजिन बंद पडायला हवं. ते खुशाल चालूच राहिलं तर क्लचप्लेट घसरतेय. गिअरऑइल काढलं की बुचाच्या चुंबकावर शाईसारखा गाळ दिसतो, त्यात वावगं काही नाही. तिथं लोखंडाचे कपचे चिकटलेले दिसले तर मात्र नमस्कार करून निघावं.

ऑटोमॅटिक गाड्यांनी हे ज्ञान निम्मं निकामी केलं. क्लचचं पेडल नाही म्हणून त्या सगळ्या एका जातीच्या, असा समज आहे आणि तो महाग पडतो. कुणात तेलाच्या दाबावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो, कुणात दोन पुल्यांवर फिरणारा पट्टा, कुणात दोन-दोन क्लच. आणि २०१४ साली सेलेरिओबरोबर मध्यमवर्गाच्या आवाक्यात जी ऑटोमॅटिक आली, तिच्यात तर साधाच गिअरबॉक्स असतो. आपल्या डाव्या पायाचं आणि हाताचं काम फक्त एक यंत्र करतं. त्यामुळे 'ऑटोमॅटिक गेला' या दोन शब्दांत क्लचप्लेटपासून अख्ख्या गिअरबॉक्सपर्यंत काहीही असू शकतं. यातली बरीच दुखणी गाडी तापल्यावरच दिसतात. व्यापारी 'सकाळी लवकर या, ट्रॅफिक नसतं' म्हणाला, तर दुपारी जावं आणि चढावर, गर्दीत, अर्धा तास चालवून बघावी.

आमच्या इमारतीतला एक तरुण, शाळेत शिक्षक, त्यानं गेल्या वर्षी सात वर्षांची अशीच एक गाडी चार लाख दहा हजारांना घेतली. आईचे गुडघे अधू, म्हणून गाडी. स्वतःला सवय नाही, म्हणून बिनक्लचची. अडीच महिन्यांनी खंबाटकीचा घाट चढताना ट्रकमागे थांबत-थांबत चालली असताना मीटरवर दिवा लागला आणि गाडी न्यूट्रलला जाऊन बसली. त्यानं एक गोष्ट फार शहाणपणाची केली. पुन्हापुन्हा स्टार्ट करून तिला रेटली नाही. पुढची चाकं उचलणारी टोईंगची गाडी बोलावली. ओढणारी चाकं रस्त्यावर फिरत ठेवून ऑटोमॅटिक गाडी लांबवर ओढत नेली, तर काही जातींत उरलासुरला गिअरबॉक्सही जातो.

कंपनीच्या वर्कशॉपनं अख्खा संच बदलायचे पंचाऐंशी हजार सांगितले. तो रात्री माझ्याकडे आला. "काका, विकून टाकू का आहे तशी?" मी म्हटलं, आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखव. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं कॉम्प्युटर जोडून बिघाडाचे कोड वाचले, क्लच उघडला आणि सांगितलं, "साहेब, गिअर ठणठणीत आहेत. क्लच जळालाय आणि वरचं यंत्र दमलंय." बत्तीस हजार. कुर्ल्याहून जुना संच आणून बसवायचा तिसरा मार्गही होताच. पण त्याला हमी नाही, आणि पुन्हा त्या संचाचा इतिहास कुणाला माहीत? मी त्याला बँकेतलं गणित सांगितलं: चार लाख गेले ते गेले, ते मोजू नकोस. दुरुस्तीनंतर गाडी कितीला जाईल आणि न करता कितीला जाईल, हा फरक बत्तीस हजारांहून मोठा असेल तर दुरुस्ती कर. तो मोठा होता.

पण खरी गोष्ट वर्कशॉपमधल्या नोंदींत निघाली. चासिस नंबर टाकताच जुनं जॉबकार्ड समोर आलं. विक्रीच्या पाच आठवडे आधी मूळ मालकानं 'चढावर गिअर सुटतो' अशी तक्रार लिहून दिली होती, अंदाजपत्रक घेतलं होतं आणि काम न करता गाडी नेली होती. मूळ मालकाला फोन केला, तर म्हणाला, मी व्यापाऱ्याला सांगितलं होतं. व्यापारी म्हणाला, मला कुणी काही सांगितलं नाही. आमच्या शिक्षकानं सौद्याआधी व्हॉट्सअॅपवर विचारलं होतं, 'गिअरबॉक्सचं काही काम नाही ना?' उत्तरादाखल व्यापाऱ्यानं एक अंगठा पाठवला होता. त्या संध्याकाळी मला घोडा आठवला. अंगठा म्हणजे मौन की वाणी? माझ्या मते मौनाहून अधिकच. पण कायद्याला दुसरीही बाजू आहे. समोरचा गप्प बसला आणि आपल्याला साध्या काळजीनं खरं कळण्यासारखं होतं, तर करार मोडता येत नाही, असं एकोणिसावं कलम म्हणतं. म्हणून लेखी विचारावं आणि गाडी तापवून बघावी, दोन्ही.

व्यापाऱ्याविरुद्ध ग्राहक आयोगाचा रस्ता खुला होता. तक्रार दोन वर्षांत करायची असते, आपण राहतो तिथंच करता येते आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकिलाची नोटीस गेली, तिच्यासोबत जॉबकार्डाची आणि त्या अंगठ्याची प्रत. आठवड्यानं व्यापाऱ्यानं अठरा हजार देऊ केले. तारखांवर शाळा बुडवण्यापेक्षा घ्यावे, असं मला वाटलं. त्यानं घेतले.

यंदा आईला सरळ बसता यावं म्हणून उंच गाडी घ्यायची ठरली आणि ही विकायला निघाली. त्यानं जुनं जॉबकार्ड, क्लचचं बिल आणि नोटीशीची प्रत एका फाइलीत लावली आणि येणाऱ्या प्रत्येकापुढे ती आधी ठेवली. एका एजंटानं त्याला वेड्यात काढलं. पहिले दोघं फाइल चाळून चहा न घेताच गेले. तिसरा म्हणाला, एवढं सांगताय म्हणजे अजून काहीतरी लपवत असणार. चौथा शिरवळकडचा एक ग्रामसेवक, बायकोला घेऊन आला होता. त्यानं चष्मा लावून बिल वाचलं, तारखेवर बोट ठेवलं, क्लचवर किती किलोमीटर झालेत ते विचारलं आणि गाडी घेऊन थेट घाटाकडे गेला. तासाभरानं परत आल्यावर त्यानं सात हजार कमी करायला सांगितले. पाचावर तुटलं.