खोकला थांबला म्हणजे टीबी गेला असे नाही

मागच्या पालकसभेनंतर एक आई थांबून राहिल्या. त्यांचे पती धुळ्यात यंत्रमागावर कामाला आहेत. टीबीच्या गोळ्या दोन महिने घेतल्या, खोकला थांबला, वजन वाढले आणि त्यांनी गोळ्या बंद केल्या. "सर, आता ते चांगले आहेत, मग एवढी गरम औषधं कशाला?" धुळे-जळगावच्या मोहल्ल्यांत हा प्रश्न नेहमी ऐकू येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळे जिवाणू एकाच पद्धतीने आजारी पाडत नाहीत. कॉलऱ्याचा जिवाणू आतड्यात विष सोडतो आणि काही तासांत माणूस जुलाबांनी गळून जातो. टीबीच्या जिवाणूची तऱ्हा वेगळी. तो लपतो.

रुग्णाच्या खोकल्यातून तो हवेत येतो आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसात पोहोचतो. तिथे आपल्या रक्षक पेशी त्याला गिळतात. एरवी गिळलेला जिवाणू पेशीच्या आत पचून जातो. पण टीबीच्या जिवाणूचे कवच मेणचट असते. तो पचवण्याचे कामच अडवतो आणि त्याच पेशीत वाढत राहतो. म्हणजे चोर चौकीदाराच्याच खोलीत! शरीर मग त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधते. बहुतेकांच्या शरीरात तो तसाच निपचित पडून राहतो. कुपोषण, मधुमेह, तंबाखू किंवा एचआयव्हीमुळे ताकद घटली की तो उठतो. या लढाईत फुप्फुस झिजते, पोकळी पडते आणि खोकल्यातून जिवाणू बाहेर पडू लागतात.

आता सहा महिन्यांचे कारण पाहू. आतड्यातला ई. कोलाय जिवाणू अनुकूल स्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो; टीबीच्या जिवाणूला जवळपास २० तास लागतात. वाढणारे जिवाणू औषधाने लवकर मरतात, म्हणून काही आठवड्यांत बरे वाटते. सुस्त पडलेले मात्र उरतात. साध्या टीबीत पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे देतात ती या उरलेल्यांसाठी. मध्येच सोडले तर आजार उलटतो आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू वाढू शकतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर २०११ मध्ये असे चार रुग्ण नोंदवले, ज्यांच्यावर तपासलेले एकही औषध चालत नव्हते.

गोळ्यांनी लघवी केशरी होते, त्याला घाबरू नका. तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. पण डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. रमजानात गोळ्या परस्पर बंद करू नका. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत सूरह बकरामध्येच आहे. गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी महिना १००० रुपये आहेत. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून आजार लपवू नका. पूर्ण उपचाराने टीबी बरा होतो.

त्या आईंना मी सांगितले, "उरलेल्या गोळ्या घरीच परत सुरू करू नका. उद्याच त्यांना दवाखान्यात न्या, थुंकी पुन्हा तपासू द्या." दुसऱ्या दिवशी दोघेही गेले.