कणीला डाग

टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी, एवढ्यासाठी एक छोटा बोर्ड घरीच करायला घेतला. पार्सल फोडलं तर आत तांदळाच्या कणीएवढे रेझिस्टर! लांबी 1.6 मिलिमीटर, रुंदी 0.8. या मापाला 0603 म्हणतात. वाऱ्यानं उडतील म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद केला आणि सगळं काठाच्या ताटात मांडलं. (ते ताट आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही. सोल्डरमध्ये शिसं असतं.)

पहिलाच कपॅसिटर चिमट्यातून सटकला तो गेलाच. रेझिस्टरच्या पाठीवर निदान 103 असं काही लिहिलेलं असतं. 10 आणि पुढं तीन शून्यं, म्हणजे दहा हजार ओहम. सिरॅमिक कपॅसिटर मात्र कोरा, तपकिरी. दोन जातींचे एकदा मिसळले की मीटर काढूनच बसावं लागतं.

हात थरथरतो, अशी तक्रार गुजरीतल्या ओळखीच्या सोनारकाकांकडं केली. ते हसले. "हाताचं काय न्हाई. डागाला ताव देऊ नका, दागिन्याला द्या. डाग आपसूक पळतोय."

डाग म्हणजे सोनारांचं सोल्डर. माझी चूक तिथंच होती. मी सोल्डरिंग आयर्नच्या बिटावर सोल्डर घेऊन जोडाला फासत होतो. सोल्डरच्या वायरीच्या पोटातला फ्लक्स वाटेतच धूर होऊन उडायचा आणि जोडावर नुसता करडा गोळा बसायचा. सोनाराचा टाकणखार, कल्हईवाल्याचा नवसागर आणि आपला राळेचा फ्लक्स यांचं काम एकच: धातूवरचा गंज काढायचा. तो निघाला नाही तर वितळलेला धातू चिकटत नाही, नुसता गोल होऊन बसतो.

मग रीत बदलली. आधी फ्लक्स. एका पॅडवर थोडं सोल्डर, ते वितळत ठेवून चिमट्यानं कणी आत सरकवायची, बिट काढायचं, थिजेपर्यंत श्वाससुद्धा जपून. मग दुसरी बाजू. 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिशाचं सोल्डर 183 अंशांना एकदम वितळतं आणि एकदम थिजतं, त्यामुळं हात फार वेळ धरावा लागत नाही.

खरी भीती 32 पायांच्या चिपची होती. दोन पायांच्या मध्यांत अंतर 0.8 मिलिमीटर. समोरासमोरचे दोन कोपरे आधी पक्के केले, पायांवर सढळ फ्लक्स लावला आणि सोल्डरचा थेंब घेतलेलं बिट ओळीवरून सावकाश ओढत नेलं. बोर्डाच्या हिरव्या लेपाला सोल्डर धरत नाही, तांब्याला धरतं. थेंब आपला आपण वाटला गेला. भिंगातून ते पाहताना काकांचं 'पळतोय' डोळ्यांनी दिसलं. शेवटचे दोन पाय जुळले होते. पुन्हा फ्लक्स, पुसलेलं कोरडं बिट, आणि जास्तीचं सोल्डर बिटावर चढून आलं.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर 0603 नको, 0805 घ्या. कपॅसिटर मोजून मागवू नका, चार जास्तच मागवा. आणि खिडकी उघडी ठेवा. तो धूर छातीत जायला नको.