घरात उंदीर झालेत? विषाची ट्यूब आणण्याआधी हे वाचा

पावसाळा सुरू झाला की बिळांत पाणी शिरते, गटारे तुंबतात आणि उंदीर कोरड्या जागेच्या शोधात घरांकडे वळतात. रात्री माळ्यावर खुडबुड ऐकू येते, सकाळी पिठाच्या पिशवीला भोक दिसते. मग घरातले कोणीतरी दुकानात जाऊन ‘उंदराचे औषध’ घेऊन येते. नावात औषध असले तरी ते विष आहे. त्यातली काही विषे इतकी घातक आहेत की माणसाच्या पोटात गेली तर डॉक्टरांकडेही त्यावर उतारा नसतो. उंदीर घालवायचे तर आधी त्यांचे अन्न आणि वाट बंद करावी, मग सापळा लावावा. विषाची वेळ बहुतेक घरांत येतच नाही.

उंदरामुळे काय होते?

आपल्याकडे उंदरामुळे होणारा सर्वात मोठा आजार म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या लघवीतून याचे जंतू पाण्यात आणि चिखलात मिसळतात. पायाला जखम, चीर किंवा चिखल्या असतील तर तिथून ते शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरानंतर शहरात लेप्टोची मोठी साथ आली. कोकणात भातलावणीच्या दिवसांत शेतात राबणाऱ्यांनाही हा आजार होतो.

अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, पोटऱ्या आणि कंबर फार दुखणे, डोळे लाल होणे ही त्याची लक्षणे आहेत. पुढे कावीळ होते, लघवी कमी होते, मूत्रपिंड निकामी होऊ शकते. साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर काही दिवसांनी ताप आला, तर डॉक्टरांना ‘मी पाण्यातून चाललो होतो’ हे न विचारता सांगा. वेळेत प्रतिजैविके मिळाली तर हा आजार बरा होतो. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यातून चालावे लागले असेल तर ताप येण्याची वाट न पाहता दवाखान्यात जा. आजार टाळण्यासाठीही गोळी देतात, पण गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी ती वेगळी असते. म्हणून ती मनाने घेऊ नये.

दुसरा आजार प्लेगचा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तिथून पुण्यात पोहोचला. त्या साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेग माणसापर्यंत नेमका कसा येतो, हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवले की उंदराच्या अंगावरच्या पिसवा हा रोग पसरवतात. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते आणि पिसवा दुसरे उबदार शरीर शोधतात. मेलेला उंदीर उघड्या हाताने किंवा शेपटीला धरून उचलू नये, ते यासाठी. वस्तीत एकाएकी बरेच उंदीर मरून पडू लागले तर पालिकेच्या किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला लगेच कळवावे.

आधी ओळखा

लांबट तोंडाची, चिक चिक करणारी, उग्र वासाची असते ती चिचुंद्री. ती झुरळे आणि किडे खाते. घराबाहेर मोठी बिळे पोखरते ती घूस. घरातल्या लहान उंदराच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात, मोठ्या उंदराच्या त्याहून बऱ्याच मोठ्या. उंदीर भिंतीच्या कडेकडेने चालतो. रोजच्या वाटेवर त्याच्या अंगाचा तेलकट, काळपट पट्टा उमटतो. तो पट्टा शोधला की भोक सापडते.

मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो. एका वेळी सहा-आठ पिल्ले होतात आणि तीही दोन-तीन महिन्यांत वयात येतात. त्यामुळे ‘एकच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

अन्न आणि वाट बंद करा

- धान्य, पीठ, सुकी मासळी पत्र्याच्या किंवा घट्ट झाकणाच्या जाड डब्यांत ठेवा. पिशवी आणि पातळ प्लास्टिक उंदीर सहज कुरतडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावेच लागते.
- खरकटी भांडी रात्रभर मोरीत ठेवू नका. कचऱ्याच्या डब्याला झाकण हवे. विहारात किंवा चौकात सामुदायिक भोजन झाले तर पत्रावळ्या आणि उरलेले अन्न त्याच रात्री उचलले गेले पाहिजे.
- पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो, रुपयाच्या नाण्याएवढ्या भोकातून मोठा. भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबा आणि वरून सिमेंट लावा. नुसता कागद, चिंध्या किंवा माती तो एका रात्रीत काढतो.
- मोरीच्या पाइपला लोखंडी जाळी बसवा. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी ठोका. पत्रा आणि भिंत यांच्यातली फट विसरू नका.
- माळ्यावरचे जुने कपडे, पुठ्ठे आणि रद्दी कमी करा. उंदीर तिथेच घरटे करतो. जातीचा दाखला, गुणपत्रिका, घराची कागदपत्रे आणि जपून ठेवलेले ग्रंथ पत्र्याच्या पेटीत ठेवा. एक दाखला पुन्हा काढायला किती खेटे घालावे लागतात, ते आपल्याला ठाऊक आहे.
- विजेच्या वायरी कुरतडलेल्या दिसल्या तर मेन स्विच बंद करून वायरमन बोलवा.

सापळा कसा लावावा?

मोठा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. पहिल्या रात्री तो पिंजऱ्याकडे फिरकत नाही आणि लोक म्हणतात, ‘पिंजरा काही कामाचा नाही.’ त्यासाठी पिंजरा दोन-तीन रात्री दार उघडे बांधून नुसता ठेवा. आत भज्याचा तुकडा, शेंगदाणे किंवा सुक्या बोंबलाचे डोके ठेवा. तो खाऊन जायला लागला की मग दार लावा. चापाचा सापळा असेल तर तो भिंतीला लागून, आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवा. लहान मुलांचे हात तिथे पोहोचता कामा नयेत.

गोंदाचे पॅड वापरू नका. त्यावर चिकटलेला उंदीर तासन्‌तास तडफडतो आणि तडफडताना तिथेच लघवी करतो. पिंजऱ्यातला उंदीर शेजारच्या गल्लीत सोडला तर तो शेजारच्या घरात जातो. त्यापेक्षा पालिकेच्या कीटकनाशक विभागाच्या कर्मचाऱ्यांकडे द्यावा. पहिल्या शीलाचे पालन करणाऱ्या उपासक-उपासिकांना उंदीर मारणे जड जाते. त्यांनी भोके बुजवण्यावरच सर्वात जास्त मेहनत घ्यावी. उंदीर आत आलाच नाही तर मारण्याचा प्रश्न उरत नाही.

विष घरात का नको?

उंदराची विषे सारखी नसतात. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट ट्यूबमध्ये मिळते. ती टूथपेस्ट समजून मुलांनी दात घासल्याच्या घटना घडल्या आहेत. विष लावलेली चपाती, बिस्किट किंवा टोमॅटो मुले उचलून खातात. काळसर पूड मिळते ती झिंक फॉस्फाइडची. पोटात गेल्यावर तिच्यातून विषारी वायू तयार होतो. या दोन्ही विषांवर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठणे बंद होते आणि काही दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो. त्यावर व्हिटॅमिन ‘के’ हा उतारा आहे, पण वेळेत मिळाला तरच. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात कधीही ठेवू नका. त्यांच्या वायूने बंद खोलीत झोपलेली माणसे दगावतात.

पिवळ्या फॉस्फरसची एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. पहिल्या दिवशी उलट्या आणि पोटदुखी होते. मग एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो, जेवतो, हिंडतो. घरचे म्हणतात, ‘सुटलो.’ नेमक्या त्याच दिवसांत आत यकृत निकामी होत असते. कावीळ दिसू लागेपर्यंत हातातला वेळ गेलेला असतो. म्हणून बरे वाटत असले तरी त्याच तासाला रुग्णालय गाठायचे.

विष पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी:

- मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका.
- दूध, तूप, तेल देऊ नका. चरबीमुळे फॉस्फरस अंगात लवकर शोषला जातो.
- उलटी झाली तर खिडक्या-दारे उघडा. उलटीतून वायू येऊ शकतो.
- १०८ ला फोन करा, मोठ्या रुग्णालयात न्या आणि विषाची ट्यूब किंवा पाकीट सोबत घ्या. कोणते विष आहे त्यावर उपचार ठरतो.

कोणी रागाच्या किंवा निराशेच्या भरात हे विष घेतले असेल, तर लोक काय म्हणतील किंवा पोलीस येतील या भीतीने लपवू नका. खरे सांगितले तरच डॉक्टरांना नेमका उपचार करता येतो. मन फार खचले असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. विष घरात नसेल तर अशा एखाद्या क्षणी ते हाताशीही येत नाही.

लेंड्या साफ करताना

कोरडा झाडू मारू नका, धूळ नाकात जाते. एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असे मिश्रण शिंपडा, पाच मिनिटे थांबा आणि हातात प्लास्टिकची पिशवी घालून ओल्या कपड्याने पुसा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे अॅसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू तयार होतो. मेलेला उंदीरही असाच उचला आणि दोन पिशव्यांत बांधून टाका. उंदीर चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.

एका घराचे काम नाही

एका घराने भोके बुजवली आणि शेजारचे गटार उघडेच राहिले तर उंदीर फक्त घर बदलतो. वस्तीत उंदीर जास्त असणे हा तिथल्या माणसांचा कमीपणा नाही. कचरा रोज उचलला जात नाही, गटारावर झाकण नाही, म्हणून ते वाढतात. मंडळाने किंवा महिला मंडळाने एकत्र येऊन वॉर्ड कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, त्यात गटाराची आणि कचऱ्याची नेमकी जागा लिहावी आणि पोच घ्यावी. मुंबईत १९१६ वर तक्रार नोंदवता येते. पालिकेचे कामगार रात्री काठी आणि टॉर्च घेऊन उंदीर मारतात, सफाई कामगार त्याच गटारांत उतरतात. लेप्टोचा पहिला धोका त्यांनाच आहे. गमबूट आणि हातमोजे मिळणे हा त्यांचा हक्क आहे. अर्जात तीही मागणी जरूर लिहा.

या रविवारी घरात एक काम करा. टॉर्च घेऊन मोरी, माळा आणि दाराखालची फट तपासा, सापडेल ते भोक त्याच दिवशी बुजवा. फळीवर विषाची जुनी ट्यूब असेल तर ती गटारात किंवा कचऱ्यात टाकू नका. मुलांच्या हाती लागणार नाही अशी बांधून कुलपात ठेवा आणि पालिकेच्या कीटकनाशक विभागाला विचारून तिची विल्हेवाट लावा.