बाइकवर हात बधिर का होतात?

लांबच्या प्रवासात मोटरसायकलस्वाराचे हात बधिर होतात ते बहुधा मनगटातल्या नसांवर दाब आल्यामुळे. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील तर दाब मीडियन नसेवर असतो. करंगळी झिणझिणत असेल तर अल्नर नसेवर. हँडलमधून येणारी कंपने त्यात भर घालतात. मोठ्या सिंगल सिलिंडर इंजिनांत ती विशेष जाणवतात.

खरा दोष अनेकदा घट्ट पकडीचा असतो, आणि पकड घट्ट होते ती बसण्याच्या पद्धतीमुळे. धडाचा भार तळहातांवर पडला की मूठ आपोआप आवळली जाते. गुडघ्यांनी टाकी धरावी, पोटापाठीच्या स्नायूंनी धड पेलावे, कोपरे किंचित वाकलेली असावीत.

क्लच आणि ब्रेकचे लिव्हर मात्र बहुतेक जण शोरूममधून आले तसेच ठेवतात. बोटे लिव्हरवर असताना मनगट सरळ राहील, असा त्यांचा कोन हवा. पान्याने ते सहज फिरवता येतात, आणि एवढ्याशा बदलाने पडणारा फरक थक्क करणारा असतो.

कंपने अचानक वाढली असतील तर इंजिनाचे माउंटिंग बोल्ट आणि चेन तपासावी. हँडलच्या टोकांना जड बार-एंड लावल्यानेही कंपने कमी होतात. तंग हातमोजे आणि थंडी, दोन्ही रक्तप्रवाह कमी करून बधिरपणा वाढवतात.

तासाभराने थांबून बोटे, मनगटे मोकळी करावीत. उतरल्यावरही बधिरपणा टिकला, रात्री झोपेत मुंग्या आल्या किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या, तर डॉक्टरांकडून कार्पल टनेल सिंड्रोमची, म्हणजे मनगटात मीडियन नस दाबली जाण्याच्या विकाराची, तपासणी करून घेणे आवश्यक असते.