बधिर पायाची जखम आणि नव्या पट्ट्या

कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ही औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, हे आता बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. मग रोगजंतू मेल्यावरही काहींच्या तळपायाची जखम वर्षानुवर्षे का चिघळत राहते?

कारण या रोगात मेलेली नस सहसा पुन्हा जिवंत होत नाही. पायात खडा रुतला, चप्पल चावली तरी कळत नाही. आपल्याला ठणका लागला की आपण लंगडतो, पाय टेकवत नाही. तेवढ्या विश्रांतीत जखम भरते. बधिर पायाचा माणूस त्याच जागेवर पूर्ण भार देऊन चालतो. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकाच्या मध्यास हेच दाखवून दिले. या रोग्यांचे मांस ‘सडके’ नसते. भार काढला तर तेही इतरांसारखेच भरून येते.

आता नव्या पट्ट्यांविषयी. साधे गॉज वाळून जखमेला चिकटते आणि काढताना नवी कोवळी त्वचाही ओरबाडून नेते. जैविक पट्ट्या जखम झाकतात आणि ओलसर ठेवतात. जनावरांच्या ऊतींतून काढलेल्या कोलॅजेन या प्रथिनाची पट्टी औषध दुकानात मिळते. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सर्गाच्या साहाय्याने हायड्रोजेलची पट्टी विकसित केली. तिच्यात बहुतांश पाणीच असते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली ऊती-पेढी सुरू झाली. तिथे बाळंतिणींनी दान केलेल्या वारेवरचा पातळ पापुद्रा सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून जखमांसाठी दिला जाऊ लागला. एरवी फेकून दिली जाणारी वस्तू ही!

पट्ट्या चांगल्याच आहेत; मीही वापरतो. पण मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात एक रखवालदार येत. रोग कधीच बरा झालेला, अंगठ्याच्या बुडाशी जखम. एका पट्टीला दिवसाची मजुरी घालवीत आणि रात्री बारा तास दारावर उभे राहत. तीन महिने जखम तसूभर हलली नाही. शेवटी पू नाही, हाड शाबूत आहे अशी खात्री करून पायाला प्लॅस्टर घातले आणि मालकाला सांगून बसायचे काम मिळवले. सहा आठवड्यांत जखम भरली. मालकाची समजूत घालणे हेच त्यात अवघड होते! ‘जखमेतून रोग पसरेल’ अशी त्याला धास्ती. उपचार पूर्ण झालेल्या माणसाच्या अशा जखमेतून कुष्ठरोग पसरत नाही.

जखम भरल्यावर मऊ एमसीआर रबराची, खिळे नसलेली चप्पल हवी. बधिर पायाला घाम येत नाही, म्हणून कातडीला भेगा पडतात. रोज वीस मिनिटे पाय साध्या पाण्यात बुडवावेत. गरम पाणी नको, भाजलेले कळणार नाही. घट्टा हलकेच घासून ओलसर पायालाच खोबरेल लावावे. रात्री तळवा आरशात पाहावा, किंवा घरातल्या कुणी पाहावा. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनीही रोज असेच पाहावे. मात्र त्यांनी पाय भिजत ठेवू नयेत आणि घट्टा डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा.

पाय अचानक गरम लागला, सुजला, जखमेला वास आला, ताप भरला किंवा जांघेत अवधाण आले, तर पट्टी बदलत घरी बसू नये. दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.