वाढें, भुसा आणि मुरघास : दुष्काळांतील चाऱ्याची आगाऊ तजवीज

दुष्काळ म्हटला म्हणजे अन्न आणि पाणी यांची आठवण प्रथम होते. चाऱ्याची आठवण होते ती जनावरानें बाजाराची वाट धरल्यावर. वकिलीच्या धंद्यांत अवर्षणग्रस्त तालुक्यांतील अनेक अशिलांचे कागद आमच्या नजरेखालून गेले आहेत. त्यांत एकच क्रम पुनः पुनः दिसतो : वैशाखांत बैलजोडी पडत्या किंमतीस गेली, मृगांत औतास बैल मिळाले नाहींत, पेरणी चुकली, आणि अखेर जमिनीचें गहाणखत झालें. पाऊस परत येतो; विकलेली जोडी परत येत नाहीं. म्हणून जनावर राखणें म्हणजे पुढील वर्षाचें पीक राखणें होय.

२०१३ आणि २०१९ सालीं महाराष्ट्रांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या. तेथें ऊस व त्याचें वाढें यांवर बहुतेक भिस्त होती. परंतु कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत ऊसतोड चालू असतां जें वाढें बांधावर वाळून जातें, त्याचीच टंचाई चैत्र-वैशाखांत भासावी, हें आमच्या दैवाचें नव्हे, तर व्यवस्थेचें वैगुण्य आहे. या वैगुण्यावर उपाय मुरघास हा होय. तो नवाही नाहीं. १८७६-७८ च्या महादुष्काळानें दख्खन होरपळत असतां, १८७७ सालींच फ्रान्समध्यें ऑग्यूस्त गोफार यांनीं मक्याच्या मुरघासावर ग्रंथ प्रसिद्ध केला होता.

मुरघासाचें तत्त्व दह्यासारखेंच आहे. ओला चारा बारीक करून हवाबंद दाबला असतां त्यांतील साखरेवर सूक्ष्म जंतु वाढतात व दह्यांतील तेंच आम्ल तयार होतें. या आंबटपणामुळें कुजविणारे जंतु वाढूं शकत नाहींत. हवा राहिली तर मात्र चारा आंबत नाहीं, सडतो. सारें यश हवा काढून टाकण्यावर आहे.

नुसतें वाढें मात्र पुरेसें नाहीं. त्यांत प्रथिनें थोडीं. शिवाय त्यांतील ऑक्झॅलेट शरीरांतील चुना बांधून ठेवतें. म्हणून केवळ वाढ्यावर ठेवलेलीं जनावरें कालांतरानें अशक्त होतात. येथेंच इतर पिकांचें उरलेलें उपयोगी पडतें. वाढ्याच्या नऊ भागांस तूर किंवा हरभऱ्याचा भुसा, अथवा भुईमुगाचा वाळला पाला एक भाग मिसळावा. त्यानें जादा ओल शोषली जाते व चाऱ्याचा कस वाढतो. एका टनास दहा ते वीस किलो गूळ पाण्यांत कालवून शिंपडावा आणि पांच किलो मीठ घालावें. युरिया चुकीच्या मापानें विष ठरतो. पशुवैद्याच्या सल्ल्यावांचून तो घालूं नये.

कुट्टी एक इंचाहून लांब नसावी. मूठभर घेऊन दाबावी : पाणी गळलें तर फार ओली, मूठ उघडतांच विस्कटली तर फार सुकी, गोळा हळू हळू उकलला म्हणजे ओल बरोबर. खड्डा उंचवट्यावर घ्यावा, आंतून प्लास्टिकचें कापड लावावें, आणि अर्ध्या अर्ध्या फुटाचे थर तुडवीत तो दोन दिवसांत भरून झांकावा. वर मातीचा थर द्यावा. दीड ते दोन महिन्यांनीं एका बाजूनें उघडून रोज लागेल तेवढेंच काढावें व पुनः झांकावें. पिंवळसर हिरवा रंग आणि आंबूस गोड वास ही चांगल्याची खूण. काळा, बुरसटलेला भाग फेंकून द्यावा. सोबत थोडा कडबा व खनिज मिश्रण द्यावें, कारण ऑक्झॅलेटचा दोष मुरघासानें सर्वस्वी जात नाहीं.

दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि पांच फूट खोल खड्ड्यांत सुमारें साडेचार टन चारा मावतो. नासधूस वजा जातां चार टन धरला, तरी एका जोडीस, दर बैलास रोज पंधरा किलोप्रमाणें, चार महिने पुरतो. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतचा कठीण काळ तेवढाच आहे.

एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगणें प्राप्त आहे. पुष्कळ ठिकाणीं वाढ्यावर ऊसतोड कामगारांचा वहिवाटीचा हक्क आहे. तें विकून ते चार पैसे मिळवितात. हे लोक स्वतः बहुधा दुष्काळी तालुक्यांतलेच. तेव्हां त्यांचें वाढें योग्य दरानें विकत घ्यावें. एका पीडिताचें काढून दुसऱ्यास देणें हें साहाय्य नव्हे.

दानशूर गृहस्थांस आमची विनंती इतकीच कीं, मदत वैशाखाची वाट न पाहतां मार्गशीर्षांत द्यावी. एका खड्ड्याचें कापड, गूळ, वाढ्याची किंमत आणि कुट्टीची मजुरी यांचा भार जो उचलील, तो एका कुटुंबाची बैलजोडी दावणीला राखील. छावणीचें दान जनावरास तगवितें. वेळेवर भरलेला खड्डा छावणीची गरजच कमी करितो.