शिकणाऱ्यास आपली वाढ दिसावी म्हणून

विहारातील मार्गदर्शन वर्गात अभ्यासाच्या किंवा मुलाखतीच्या तयारीसाठी येणारे तरुण चार-सहा भेटींनंतर येईनासे होतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. कारण विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते : काही फरक पडला नाही. वस्तुतः यांतील पुष्कळांमध्ये फरक पडलेला असतो. तो त्यांना दिसलेला नसतो. घरातील शिकणारी पहिलीच पिढी असेल, तर आपल्यात कुवतच नाही, असा निष्कर्ष काढून असा तरुण शिक्षणाकडेच पाठ फिरवितो.

संयुत्तनिकायाच्या खन्धसंयुत्तात भगवान बुद्धांनी सुताराच्या वाकसाचा दृष्टान्त दिला आहे. वाकसाच्या दांड्यावर सुताराला आपल्या बोटांचे व अंगठ्याचे ठसे दिसतात. परंतु दांडा आज किती झिजला, काल किती झिजला, हे त्याला सांगता येत नाही. झिजल्यावर मात्र तो झिजला हे कळते. तेथे विषय आसवांच्या क्षयाचा आहे; तथापि शिकण्याची रीतही याहून निराळी नाही. रोजची वाढ मोजू पाहणारा निराश होतो. त्याला ठसे दाखवावे लागतात.

हे पाहावयाचे कोणी? मज्झिमनिकायातील ६१ व्या सुत्तात, म्हणजे अम्बलट्ठिक राहुलोवादात, तथागत राहुलाला आरसा कशासाठी असतो, असे विचारतात. पाहण्यासाठी, असे तो सांगतो. त्याचप्रमाणे काया, वाचा व मन यांचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असताना व केल्यानंतर तपासावे, असा उपदेश ते करतात. ही तपासणी राहुलाने स्वतः करावयाची आहे; शास्त्याने नव्हे. काया-वाचेची चूक आढळली, तर ती शास्त्यासमोर किंवा सुज्ञ सहाध्यायांसमोर उघड करावयाची. आणि कर्म कुशल आढळले, तर त्या प्रसन्नतेत राहून अहोरात्र शिकत राहावयाचे. प्रवचनांतून हा उत्तरार्ध बहुधा गळतो, याचे आम्हांस नवल वाटते. सम्राट अशोकाने भाब्रू शिलालेखात राहुलास केलेल्या उपदेशाचा निर्देश करून तो भिक्खू-भिक्खुनींप्रमाणेच उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावा व मनन करावा, अशी इच्छा व्यक्त केली आहे.

पूर्वी आम्ही "प्रगती चांगली आहे" असे सांगून मोकळे होत असू. ही शाबासकी आमच्याबरोबरच निघून जाई. आता पहिल्या भेटीत आपणांस काय जमते व कोठे अडते, हे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने वहीत लिहावयाचे असते. सहाव्या भेटीत आम्ही तेच पान वाचावयास देतो व गप्प राहतो. एका मुलीने प्रथम लिहिले होते, "कार्यालयात प्रश्न विचारण्याची भीती वाटते." ते वाचून ती बराच वेळ थांबली. त्याच आठवड्यात शुल्क-सवलतीचा अर्ज परत आला, तेव्हा तिने नकाराचे कारण लेखी मागितले होते. ही गोष्ट तिने आम्हांस सांगितलीही नव्हती. तिच्या लेखी ती प्रगतीत मोडतच नव्हती.

दिसलेली वाढ टिकविणे हा निराळा प्रयत्न आहे. सम्यक व्यायामाच्या चार अंगांत भावनेनंतर अनुरक्खण, म्हणजे उत्पन्न झालेल्या कुशलाचे रक्षण, स्वतंत्रपणे सांगितले आहे, ते याचसाठी. म्हणून शेवटच्या भेटीत आम्ही नवा पाठ देत नाही. पुढे वही कोणत्या दिवशी उघडणार व कोणत्या कल्याणमित्राला दाखविणार, एवढेच विचारतो. त्या मुलीने आपल्या धाकट्या बहिणीचे नाव लिहिले.